रिकाम्या जहाजाची उंची

९ जुलै १९२१
पुंता अरेनासच्या धक्क्यासमोर, 'एलिसा' जहाजावर

वही घेऊन बरेच दिवस झाले, पण लिहावं असं काही घडत नव्हतं. आज घडलं. कंपनीचे मारिनोविचसाहेब होडीवाल्या निकानोरबरोबर आले. वर चढले नाहीत. दोरशिडीकडे बघून म्हणाले, एवढं चढायला मी काय माकड आहे? मग मी कठड्यावरून वाकलो आणि ते खालून ओरडत राहिले. निरोप असा, की कोळशावर चालणाऱ्या बोटी आता या सामुद्रधुनीत येत नाहीत. बऱ्याचशा पनामाच्या कालव्यातून जातात, उरलेल्या तेल जाळतात. तेव्हा कोळसा साठवायला हे जहाज इथे कशाला? सप्टेंबरचा सण झाला की ओढबोट येईल आणि एलिसाला दक्षिणेच्या खाड्यांत नेऊन बांधेल. तिथल्या लाकूडतोड्यांना गोदाम हवं आहे. राखणदार म्हणून मी आणि माझी बायको एतेल्विना, आम्ही जहाजाबरोबरच जायचं. पगार आहे तोच.

मी विचारलं, तिथे वस्ती कितीशी आहे?

"सील आहेत की भरपूर," साहेब म्हणाले.

एतेल्विनाला सांगितलं तेव्हा ती बटाटे किसत होती. तिने एवढंच विचारलं, तिथे उतरायला किनारा आहे का. म्हटलं, उभे कडे आहेत म्हणतात. ती किसत राहिली. बटाटा संपला तरी हात थांबला नाही, बोट सोलपटलं तेव्हा थांबली. मला वाटलं होतं भांडेल. पण तिला या जहाजाचा लळाच तसा आहे. जहाज जाईल तिथे ती येणार.

११ जुलै

जहाज इथून जायचं तर त्याची हकीकत कुणीतरी लिहून ठेवायला हवी. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मेणबत्त्या गुंडाळून येतात त्या वर्तमानपत्रांवर चाळिशीत अक्षरं गिरवली. तेव्हा चुकलं-माकलं पोटात घालावं.

खरं नाव 'एलायझा पेनिक'. आम्ही चिलोए बेटाचे लोक, आमची जीभ तिथे अडखळते, म्हणून एलिसा. मधल्या तुळईवर पितळी पट्टी आहे, तिच्यावर नाव आणि १८५४ साल. इंग्रज व्यापाऱ्यांनी ते ब्रह्मदेशात मोलमीनला बांधून घेतलं, सगळं सागवानात. इथले सुतार त्या फळ्यांवर हात फिरवतात आणि मान डोलावतात. आधी कलकत्त्याचा तांदूळ आणि ताग, मग मॉरिशसची साखर, मग पेरूच्या बेटांवरचं पक्ष्यांच्या विष्ठेचं खत. उन्हाळ्यात तळाच्या फळ्या तापल्या की साखरेचा नाही, त्या खताचाच वास येतो. माणसाचंही असंच. गोड केलेलं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

शेवटच्या फेरीत हॉर्नच्या भूशिराशी वादळाने तिन्ही डोलकाठ्या नेल्या. जहाज रखडत इथे आलं ते पंधरवड्यात दुरुस्त होऊन निघायचं म्हणून. तपासनिसांनी खर्चाचा आकडा सांगितला, मालकांनी कानांवर हात ठेवले. कोळसेवाल्या कंपनीने ते कवडीमोलाने घेऊन नांगरावर उभं केलं. तेव्हापासून उभंच आहे.

मीही चिलोएहून एका हिवाळ्यापुरताच आलो होतो. पुढल्या वर्षी एतेल्विना आली, तीही एका हिवाळ्यापुरती.

१६ जुलै

शनिवार. निकानोर पाणी, पाव आणि मेणबत्त्या घेऊन आला. त्याच्या मुलीचा मी धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो आणि तो एतेल्विनाला कोमाद्रे. त्याने एतेल्विनाला तिच्या गावातल्या धाकट्या बहिणीचा, ओतिलियाचा निरोप सांगितला. मागची खोली रिकामी आहे, चूलही आहे, या केव्हाही. दर शनिवारी हाच निरोप येतो.

एतेल्विना म्हणाली, "कोळसा कधी येणार ते सांग, मग येते."

हे नव्या माणसाला कळायचं नाही. जहाजात कोळसा भरला की ते खाली बसतं आणि कठडा होडीच्या अंगाला येतो. मग एक पाय इकडे, एक तिकडे, झालं. कोळसा उपसला की जहाज वर वर जातं. गेली दोन वर्षं पोट रिकामं, त्यामुळे एलिसा उंच उभी आहे, गावची पाटलीण जशी. बाजूचा लाकडी जिना कुजून पडला. रिकाम्या जहाजाला नवा द्यायला कंपनी काही खुळी नाही. उरली दोरशिडी. मी चढू-उतरू शकतो. एतेल्विनाचा खुबा त्याच सुमाराला, दोन वर्षांपूर्वी मोडला आणि जुळला तो वाकडा. चालते, पण शिडीवर पाय लोंबकळला की डोळ्यांपुढे काळोखी येते.

कोळशाची झोळी आहे. तिच्यात बसवून कप्पीने सोडता येईल. मी म्हणून पाहिलं होतं. पण या बंदरात झोळीतून माणूस उतरतो तो मेलेलाच. झोळी हलली की भोवतालच्या सगळ्या होड्या वल्ही उभी धरतात, टोप्या काढतात. ती म्हणाली होती, "माझ्यासाठी टोप्या काढलेल्या मला बघायच्या नाहीत. ओतिलिया धक्क्यावर गळा काढेल, तिला कोण समजावणार?"

आज मी पुन्हा विषय काढला, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. निकानोर होडी सोडताना म्हणाला, "आणि तुझं काय, कोंपाद्रे? तुझा तर खुबा शाबूत आहे. जमिनीवर पाय कधी टेकलास शेवटचा?"

म्हटलं, सवड कुठे आहे. सकाळी पंप मारायचा, दोर बघायचे, दिवा लावायचा. राखणदाराने जहाज सोडून फिरावं का?

२० जुलै

वारा पश्चिमेचा, तोंडावर बर्फाचे कण. वारा बदलला की जहाज नांगराभोवती फिरतं. एतेल्विना आपली खुर्ची उचलते आणि दुसऱ्या बाजूला मांडते. आज तीनदा उचलली, वाकड्या खुब्याने. मी म्हटलं, वाऱ्याच्या आडोशाला बसायचं तर सरळ खोलीत बस ना. ती म्हणाली, इथूनच बरं दिसतं. समोर काय, तर गावाची छपरं आणि चढावरचा रस्ता. रोज तेच. एखाद्याला बघायचा कंटाळाच नसतो.

२६ जुलै

आज पंप चालेना. दांडा मारतोय तर नुसता फसफस आवाज, पाणी येत नाही. खोलून पाहिलं. आत पाणी ओढणारी चामड्याची वाटी असते, ती गायब. काठाची एक फीत तेवढी राहिली होती. उंदीर. दुसरं काय? पण चावून खाल्लं तेही कसं नेटकं, कडा अगदी सरळ. कोळशाच्या जहाजातले उंदीर शिकलेले दिसतात.

जास्तीची वाटी पेटीत होती, तीही नाही. मी एतेल्विनाला विचारलं. म्हणाली, उंदीर पेटीतही शिरत असतील, झाकण कुठे नीट बसतं.

जहाज जुनं, झिरपतं. रोज सकाळचा उपसा ठरलेला आहे. आता शनिवारपर्यंत बादल्यांनी भागवावं लागेल. बादल्यांनी समुद्र उपसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण काही न करण्यापेक्षा बरं.

३० जुलै

निकानोरला चामडं आणायला सांगितलं. जाड, बैलाचं. त्याने मान हलवली. एतेल्विनाने त्याला दोरा, मेण आणि एक मोठी सुई सांगितली. माझ्या एका बुटाची वरची बाजू कापून वाटी केली होती, ती तासाभरात फाटली. आता एक पाय गार पडतो.

पाठ भरून आली आहे. एतेल्विना म्हणते, एवढ्या बादल्या काढू नको, मेलास तर झोळीतून तुला सोडायला इथे दुसरं कोण आहे? खरं आहे.

४ ऑगस्ट

एतेल्विना आपले जुने बूट घेऊन बसली आहे. बाहेर जायचे, बटणांचे, ओतिलियाच्या लग्नातले. नवे तळ लावते आहे. चामडं चांगलं जाड, काळं. कुठून काढलं देव जाणे. बायका काय काय साठवून ठेवतात आणि वेळेला काढतात. मी म्हटलं, जहाजावर लोकरी चपला पुरतात, बुटांची काय घाई? म्हणाली, बूट नुसते पडून राहिले की कडक होतात, माणसासारखे.

उरलेलं थोडं चामडं पंपाला मिळेल का, हे मनात आलं होतं. पण तिची शिवणाची हौस, मोडवेना.

६ ऑगस्ट

निकानोर चामडं विसरला. सुई, दोरा, मेण मात्र आठवणीने आणलं. डोकं आहे की चाळणी? मी बडबडलो. तो हसला नाही, नजर चुकवून म्हणाला, पुढल्या शनिवारी, कोंपाद्रे. जाताना एतेल्विना कठड्यावरून वाकून त्याच्याशी बराच वेळ हळू बोलत होती. ओतिलियाला निरोप असेल.

१४ ऑगस्ट

पाणी तळाशी गुडघ्यापर्यंत आहे. फार नाही. पण जहाज बसतंय. फळ्यांवर शेवाळाचा हिरवा पट्टा आहे, कोळसा भरायचा त्या दिवसांतला. तो दोन वर्षं उन्हावाऱ्यात सुकत होता. त्याची खालची कड आता पाण्याला लागली.

एतेल्विना रोज विचारते, "पट्टा बुडाला का रे, म्हाताऱ्या?" मी सांगतो, थोडा. ती मान हलवते आणि पिठात हात घालते. आज बटाट्याच्या भाकऱ्या केल्या, चरबी घालून. भाजताना आमच्या बेटावरचं गाणं म्हणत होती. किती वर्षांनी ऐकलं. संकटात माणूस धीट होतो म्हणतात ते असं. मला मात्र झोप लागत नाही. जहाज जड झालं की डोलणं बदलतं, उशीर केल्यासारखं डोलतं. तीस वर्षं जे डोलणं अंगात मुरलं ते असं नव्हतं.

२० ऑगस्ट

निकानोर पुन्हा विसरला.

आज मी चिडलो, नको ते बोललो. त्यावर एतेल्विना म्हणाली, मग तूच जा त्याच्याबरोबर, घेऊन ये चामडं. मी शिडीवर पाय ठेवला. दोन पायऱ्या उतरलो आणि परत आलो. म्हटलं, असं पाणी भरत असताना जहाज एकटं सोडणं बरं नव्हे.

कुणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहितो. किनाऱ्यावर मी कोण? इथे मी एलिसाचा राखणदार. तिथे चिलोएचा एक म्हातारा, ज्याला गर्दीत चालता येत नाही, दुकानात काय मागावं कळत नाही. मागच्या खेपेला गेलो होतो तेव्हा रस्ता हलत नव्हता म्हणून मला मळमळलं होतं. हसण्यासारखं आहे, पण हसू आलं नाही. एलिसाचा शेवटचा कप्तान इथेच राहून गेला होता; त्याला आम्ही हसलो होतो, धक्क्यावरच्या खाणावळीत जहाजाकडे पाठ करून बसायचा म्हणून.

२७ ऑगस्ट

समुद्र खवळलेला, होडी आली नाही. पाव संपला. बटाटे आहेत.

३० ऑगस्ट

आज काग्वाच बेटावर नासरेनो येशूचा सण. चिलोएला असतो तर होड्यांनी तिथे गेलो असतो. एतेल्विनाने मेणबत्ती लावली आणि बराच वेळ काहीतरी मागितलं. बूट पुरे झाले, पॉलिश करून बिछान्याखाली ठेवलेत.

हिरवा पट्टा निम्मा बुडाला. चढायची शिडी इतकी आखूड झाली की खालचा भाग पाण्यात तरंगतो. एतेल्विना मला म्हणाली, अजून एक हात बसलं की थांबेल ना? मी म्हटलं, थांबायला ते काय गाढव आहे? मग तिचा चेहरा बघून समजावलं, की काळजी नको, झिरपणं सावकाश आहे.

१ सप्टेंबर

मी चूक सांगितलं होतं. मला कळायला हवं होतं.

वरच्या फळ्या दोन वर्षं कोरड्या पडल्या होत्या. सांध्यांतला काथ्या, डांबर, सगळं सुकून भेगाळलेलं. जहाज बसत बसत त्या फळ्या आज पाण्याखाली गेल्या, आणि पाणी झिरपेना, वाहू लागलं. दोन्ही बाजूंनी, फळीफळीतून. दिवा घेऊन खाली गेलो तर चाळणीत उभं राहिल्यासारखं वाटलं. बाहेर असा वारा की गावातून होडी सुटणं शक्य नाही. आमची छोटी नाव गेल्या वर्षीच फुटली.

वर येऊन एतेल्विनाला सांगितलं, संध्याकाळपर्यंत पाणी डेकवर येईल. तिचा रंग उतरला. म्हणाली, "इतकं लवकर? तू तर सावकाश म्हणालास." मी सुक्या फळ्यांचं सांगितलं. तिला हे ठाऊक नव्हतं. कोळशाच्या दिवसांत ओझं भरलं की जहाज बसायचं आणि एक थेंब आत यायचा नाही, तेवढंच तिने पाहिलेलं.

ती आत गेली आणि आपल्या पेटीतून एक चामड्याची वाटी घेऊन आली. नवी कोरी. म्हणाली, सापडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर मी बादल्या काढतो आणि ही पेटीत. विचारायला वेळ नव्हता. वाटी बसवली, दांडा धरला. दुसरा दांडा तिने धरला. मी नको म्हटलं, खुब्याचं काय? तिने ऐकलं नाही. कातरवेळेपर्यंत मारला, मग विसावा, मग पुन्हा. ती तोंडाने पुटपुटत होती, "थांब गं, थांब, एवढा शनिवार जाऊ दे." जहाजालाच म्हणत असावी. मी एलिसाची एवढी वर्षं राखण केली, पण इतक्या मायेने तिच्याशी कधी बोललो नाही.

पाणी चढायचं थांबलं. आता जहाज बुडतही नाही, वरही येत नाही.

३ सप्टेंबर

लिहितोय ते ओतिलियाच्या मागच्या खोलीत बसून.

सकाळी वारा पडला आणि निकानोर आला. लांबूनच त्याने काय झालंय ते पाहिलं आणि वल्ही जोरात मारली. होडी कठड्याला लागली तेव्हा दोन्हींत ढोपरभरही अंतर नव्हतं. एतेल्विना बूट घालून, शाल घेऊन तयारच होती. बूट कधी घातले मी पाहिलं नाही. तिने एक हात निकानोरच्या खांद्यावर ठेवला, एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा. झालं. तिने वळून बघितलं, जणू एवढंच होतं हे?

मी पंपाशीच होतो. म्हटलं, तुम्ही जा. मी थांबतो, वाटी चांगली आहे. दोन माणसं पाठवा, पाणी उपसू. जहाज वर येईल, ओढबोट येईल तेव्हा तयार हवं. निकानोरने होडी सोडायला दोर हातात घेतला. एतेल्विनाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"धरून ठेव, कोंपाद्रे." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तुझ्यासाठी मी वर आले होते, एका हिवाळ्यापुरती. आता तू माझ्यासाठी खाली ये. किती दिवसांपुरता, ते मी विचारत नाही."

मी दांड्यावर हात ठेवून उभा होतो. पाणी फळ्यांतून आत येतानाचा आवाज डेकवर ऐकू येत होता. मी थांबलो की ते जिंकणार, हे स्वच्छ दिसत होतं. आणि मी थांबलो नाही तर महिनाभरात जहाज पुन्हा उंच होणार आणि शिडी लांब, तेही दिसत होतं. निकानोर पाण्याकडे बघत राहिला. एतेल्विना फळीवर सरकली आणि शेजारी जागा केली.

दिवा विझवून मी कठडा ओलांडला. होडीतली फळी ओली होती.

१२ सप्टेंबर

जमीन अजून हलत नाही, आणि त्यामुळेच मला रात्री भिंतीला हात लावून झोपावं लागतं. एलिसा चिखलावर बसली. भरतीला मागचा उंच भाग तेवढा दिसतो. त्यावर पाणकावळे आलेत.

आज मारिनोविचसाहेब आले. ठरवलेली ओढबोट रद्द करावी लागली म्हणून तापलेले. एतेल्विनाने त्यांना चुलीजवळची खुर्ची दिली, मातेच्या पानांचा चहा ओतला, भाकरीचा मोठा तुकडा पुढे केला. साहेब म्हणाले, सत्तर वर्षं तरंगलेलं जहाज माझ्याच कारकिर्दीत बुडायचं होतं? मी घडलं ते सांगितलं. पंपाची वाटी उंदरांनी खाल्ली, जास्तीचीही खाल्ली, नवी मिळेपर्यंत उशीर झाला.

साहेबांनी भाकरी खाली ठेवली. "ओयार्सो, मी वीस वर्षं ही जहाजं सांभाळतो. रिकाम्या कोळशाच्या जहाजात धान्य नाही, दोर नाही, काही नाही. तिथे उंदीर जगतात तरी काय खाऊन?"

खरंच, तीस वर्षांत मी एलिसावर किती उंदीर पाहिले? एकही आठवेना. ती सरळ कापलेली कड आठवली.

मी एतेल्विनाकडे पाहिलं. ती साहेबांच्या पेल्यात गरम पाणी ओतत होती, हात अगदी स्थिर.

"चामडं खाऊन, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात इतका विचार मी कधी केला नव्हता, आणि इतक्या थोड्या वेळात.

मी म्हटलं, "मोठाले होते, साहेब. मी डोळ्यांनी पाहिले."

साहेब उठले, पुटपुटत टोपी घातली आणि गेले. कंपनी काय करते ते पुढे बघू. तिने शाल घेतली आणि म्हणाली, जरा जाऊन येते. मी म्हटलं, कुठे? म्हणाली, वर.

खिडकीतून दिसतंय, चढावरच्या रस्त्यावर चालली आहे, लंगडत, मध्ये मध्ये थांबत. थांबते ती दम खायला असेल असं वाटलं होतं. नाही. एकेका घरासमोर थांबून फाटकाला हात लावते आणि पुढे जाते. आता वळणापलीकडे गेली. अंधार पडायला आला तरी मी हाक मारणार नाही.